काशीरामाच्या पोटाची हकीकत

अंधेरी (पूर्व)
डिसेंबर १९८५

चिरंजीव काशीराम भावजी यांस मालनवहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नका. वाईट बातमी असती तर तार केली असती, आणि तारेचं आपल्या घराण्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. तुमचा खोकला, जानकीचे गुडघे आणि पाडी व्याली की नाही हे सगळं विचारलं असं समजा. आता आम्ही इकडे खुशाल असं लिहायची रीत आहे. मी दुसरीपर्यंत शिकले, आणि दुसरीत बाईंनी पत्राचं एवढंच शिकवलं की वर आशीर्वाद, मग खुशाली, मग मुद्दा. खुशाली नाही, म्हणून मुद्द्यावर येते. मला एक भारा सुकं गवत पाहिजे, आपल्या सड्याच्या कातळावरचं, यंदाचं. देवळाशेजारचा कुंडलिक नाताळात मुंबईला येणार आहे असं कळलं, त्याच्या हाती द्या. तुम्ही स्वतः यायची काही गरज नाही. इथे झोपायला जागा नाही, आणि तुम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाही हे मी विसरले तरी तुमचे दादा विसरलेले नाहीत.

गवत कोणासाठी म्हणाल. म्हैस घेतली नाही. चाळीत माणसांना पाय पसरता येत नाहीत तिथे म्हैस कुठे बांधू? गवत सशासाठी आहे. हसून घ्या. हसून झालं की पुढचं वाचा, पुढे हसण्यासारखं थोडंच आहे.

तुमच्या दादांना श्रावणापासून जेवण जाईनासं झालं. आधी मला वाटलं नाटक आहे, कारण आयुष्यभर माझ्या आमटीला नावं ठेवूनच त्यांनी ती ओरपली. मग कंबरेचा पट्टा मागे मागे जात त्याची भोकं संपली. आमच्या चंद्रप्रकाशने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवून टाकलं. (आपण नाही का, नासलेल्या फणसाला सुरी लावतो आणि तसाच मिटवून ठेवतो, तसं.) चंद्रप्रकाशला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड बघून मी काही विचारलंच नाही. ह्यांना आम्ही सांगितलं, अल्सर होता, काढला. ते म्हणाले, "बरं." जन्मभर प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारणारा माणूस नुसतं बरं म्हणाला, तेव्हा मला समजलं की ह्यांना समजलंय. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवू नकोस म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. शपथ आजाराची होती. सशाबद्दल लिहायला काही हरकत नाही, आणि सशाबद्दल लिहिताना आजार आला तर मी काय करू?

आमच्या चाळीमागे ख्रिश्चनांचं जुनं गावठाण आहे. तिथली कॉन्सेप्टा म्हणून माझ्याच वयाची बाई आहे, मराठीच बोलते पण तिच्या पद्धतीने. कोंबड्या, बदकं, ससे पाळते. तिच्याकडून मी अंडी घेते आणि तिला सणाला करंज्या देते, असं आमचं चालतं. हे घरी आले तेव्हा ती एक जिवंत ससा पिशवीत घालून घेऊन आली. म्हणाली, "मालनबाय, याचा सूप कर, माणसाला ताकद येल." तिचा भाव चांगला होता. मीही सुरी बघून ठेवली. पण चंद्रप्रकाश बँकेत बसणारा माणूस, त्याला कोंबडीचं रक्त बघूनही घेरी येते, आणि सुलक्षणा (आमची सून) कानात बोटं घालून गॅलरीत जाऊन उभी राहिली. तेवढ्यात तुमचे दादा खाटेवरून म्हणाले, "बघू जरा, इकडे आण." मी ससा त्यांच्या हातात दिला, तो नेमका टाक्यांच्या बाजूला पोटावर जाऊन बसला आणि नाक हलवायला लागला. झालं. सुपाचा विषय तिथे संपला.

तुम्ही दोघे लहानपणी सड्यावर फासे लावून ससे धरायचात आणि तंगडी कोणाची यावरून मारामाऱ्या करायचात, हे सासूबाईंनी मला लग्न होऊन घरात आल्या आल्या सांगितलं होतं. त्याच माणसाने सशाला खाटेवर घेतलं, आणि वर नाव ठेवलं. ते नावही सांगून टाकते. काशीराम ठेवलं. मी म्हटलं, सख्ख्या भावाचं नाव जनावराला? मला म्हणाले, "कान बघितलेस काय त्याचे?" (ते खरं आहे, भावजी. राग मानू नका, आरशात बघा.)

तेव्हापासून घरात दिवसभर काशीराम काशीराम चालू. "काश्या, तो बरका फणस तू एकट्याने संपवलास आणि मार मी खाल्ला." "काश्या, पोहायला मी शिकवलं तुला, आणि गावभर सांगितलंस आपोआप आलं." माझ्याशी या माणसाने एवढ्या वर्षांत इतकं बोलणं केलेलं नाही. ससा आपला कान पाडून ऐकायचा. तुम्ही असतात तर मध्येच उलट उत्तर दिलं असतंत आणि बोलणं तिथेच खुंटलं असतं, त्या दृष्टीने ससा बरा.

आणि मुख्य गोष्ट, त्यांनी त्याच्याशी जेवणाची जोडी बांधली. "काशीराम खाईल तर मी खाईन." मला काय, कोणत्या का निमित्ताने दोन घास पोटात गेले म्हणजे झालं. मग मी एका वाटीत ह्यांची पेज आणि दुसऱ्या वाटीत त्याची पेज, असं करायला लागले. चहात बुडवून ग्लुकोजचं बिस्कीट ह्यांना अर्धं, त्याला अर्धं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, कारण माझ्या घरात एकादशीला दुसरं काही शिजत नाही, मग तो कोणी का असेना. तो सगळं खायचा, मेला. महिन्याभरात त्याला मान राहिली नाही. हे वाळत चालले आणि तो फुगत चालला, आणि मला कधी कधी वाटायचं की मी चुकीच्या माणसाला भरवतेय. पण हेही चार चमचे घेत होते, म्हणून मी गप्प.

आता पुढचं लिहायला ओशाळं वाटतं, पण लिहिल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. एका पहाटे मी दिवा लावायला उठले तर हा काशीराम मान खाली घालून स्वतःचं स्वतः खात होता. म्हणजे स्वतःची लेंडी. तीही नेहमीची कोरडी नव्हे, मऊ, द्राक्षाच्या घडासारखी, तिथल्या तिथे तोंडाने घेऊन गिळत होता. ज्या खोलीत माझे देव, त्याच खोलीत! मी काही मोठी सोवळ्याची नव्हे, शुक्रवारी बाजारातून बांगडे मीच आणते, पण कशाला काही हद्द आहे की नाही? मी पुठ्ठा कापला, त्याची गोल चकती करून त्याच्या मानेत अडकवली, म्हणजे तोंड मागे वळायला नको. शिवाय रोज पहाटे उठून, त्याने काही करायच्या आधीच कोपऱ्यातला त्याचा खोका पुसून लख्ख. तुमचे दादा म्हणाले, "राहू दे गं, त्याची खोड असेल." मी म्हटलं, खोडी मोडायला मी बसलेय इथे.

चारच दिवसांत काशीरामाने खाणं सोडलं. आधी बिस्कीट, मग पेज, मग काहीच नाही. लेंडी बंद. कोपऱ्यात पाठीचा गोळा करून बसायचा आणि दात करकर वाजवायचा. पोट दाबून बघितलं तर नारळासारखं घट्ट. आणि त्याच दिवशी दुपारी तुमच्या दादांनी तोंड मिटलं. मी चमचा पुढे केला तर त्यांनी खोक्याकडे बघितलं आणि मान फिरवली. म्हणजे एक कोपऱ्यात आणि एक खाटेवर, दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध संप पुकारला.

मग मला जे येत होतं ते सगळं मी केलं. पाच बाळंतपणं केलीत लोकांची, पोरांची पोटं फुगलेली कमी बघितलीत का? हिंग उगाळून बेंबीभोवती लावायला घेतला, पण सशाची बेंबी कुठे असते देव जाणे. मी आणि सुलक्षणा त्याला उताणा धरून केस बाजूला करत बसलो, सापडेचना. शेवटी अंदाजाने लावला. मग ओव्याचं पाणी. मग एरंडेल, ते त्याने माझ्या लुगड्यावर फुर्र केलं. आणि पथ्य म्हणून कोरडं, खरखरीत सगळं बंद, कॉन्सेप्टाने दिलेला पाला आणि कोथिंबिरीची देठं होती तीसुद्धा काढून घेतली. पोट बिघडलं की मऊ द्यायचं, पेज द्यायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जितकं मऊ देता येईल तितकं मी दिलं. त्याचं पोट आणखी घट्ट झालं.

शेवटी चंद्रप्रकाशने रजा काढली आणि आम्ही काशीरामाला पिशवीत घालून रिक्षाने गोरेगावला नेलं. तिथे तबेल्यांतून फिरणारा गुरांचा डॉक्टर आहे. तो एका म्हशीत खांद्यापर्यंत हात घालून उभा होता. तसाच म्हणाला, "आजी, काय आणलंय?" मी म्हटलं, ससा. म्हणाला, "काय होतंय?" मी सांगायला लागले: खात नाही, पोटाला होत नाही, रात्रभर कण्हतो, काही दिलं तर मान फिरवतो, आतून खचलाय. तो म्हणाला, "ससा कण्हतो?" तेव्हा चंद्रप्रकाशने माझ्या हाताला धरलं आणि पुढचं तोच बोलला.

हात धुऊन डॉक्टरने काशीरामाचं पोट चाचपलं, पुठ्ठ्याची चकती बघितली, मी काय काय दिलं ते सगळं ऐकलं. मग म्हणाला, "आजी, ससा मारायला विष लागत नाही. तुमची पेज पुरते." माझ्या तोंडावर! म्हणाला, सशाचं पोट म्हणजे न थांबणारी चक्की, दिवसभर त्यात सुकं गवत पडत राहिलं पाहिजे. पिठूळ आणि गोड घातलं की आत वायू धरतो, चक्की बंद पडते, आणि सशाला ओकताही येत नाही. पोट थांबलं की ससा थांबला. आणि ती पहाटेची मऊ लेंडी म्हणजे घाण नव्हे, गवताचं सत्त्व दुसऱ्या फेरीला मिळावं म्हणून तो ती परत खातो, तेच त्याचं औषध. ते मी पुठ्ठा लावून बंद केलं होतं. मी म्हटलं, "आम्हाला कोणी सांगितलं नाही." तो म्हणाला, "तुम्ही कोणाला विचारलंत?" याला उत्तर मला रिक्षात बसल्यावर सुचलं, आणि तेही चांगलं नव्हतं.

घरी येऊन चकती काढली. ड्रॉपरने पाणी, हिरवं गवत ठेचून त्याचा रस, आणि पोट हळूहळू चोळायचं असं सांगितलं होतं. चोळायचं काम तुमच्या दादांनी घेतलं. ज्या हाताने पाण्याचा पेला उचलवत नाही, त्या हाताने ते तासन् तास दोन बोटांनी त्याचं पोट चोळत बसले. "होईल रे काश्या, होईल. घाई नको." मी एकाला ड्रॉपरने पाणी द्यायची आणि एकाला चमच्याने. कोण पीत होतं आणि कोण थुंकत होतं ते लिहीत नाही.

तबेल्यातून गवत आणलं तर ते ओलं, कुबट वासाचं. काशीरामाने हुंगलं आणि तोंड फिरवलं. तुमच्या दादांनीही एक काडी घेऊन नाकाला लावली आणि म्हणाले, "हे दलदलीतलं. ह्याला सड्यावरचं पाहिजे. उन्हात कडक झालेलं."

भावजी, गावचं काही पाहिजे असं त्यांच्या तोंडून निघालं ते आई गेल्या त्यानंतर पहिल्यांदा. तो विषय मी कधी काढला नाही आणि आताही काढत नाही, एवढंच लिहिते की त्या वेळी पावसाने घाट बंद होता, तार उशिरा मिळाली, आणि आम्ही येऊन पोचलो तेव्हा तुम्ही अग्नी देऊन मोकळे झाला होतात. थोरला मी असताना तो थांबला नाही, असं ते अंगणात उभे राहून बोलले. जानकी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यावर आली होती. त्यांनी तांब्याला हात लावला नाही, आल्या पावली मागे फिरले, आणि मी त्यांच्या मागून. मला तहान लागली होती, पण मला कोण विचारतंय?

असो. परवा सकाळी काशीरामाला झाली. मण्याएवढ्या, वेड्यावाकड्या, केसांनी एकात एक गुंफलेल्या, पण झाल्या. सुलक्षणा "झाली, झाली!" असं इतकं मोठ्याने ओरडली की शेजारच्या बायका मुलगा की मुलगी विचारायला धावत आल्या. आमची नात क्षमा खोक्याभोवती नाचली. तुमच्या दादांनी लेंडी हातात घेऊन उजेडात धरून बघितली, जसा सोनार बघतो, आणि म्हणाले, "आण पेज." दोन चमचे घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही, एरंडेलाचा वास अजून घरातून जात नाही, त्याने चुरचुरतात.

म्हणून गवत पाहिजे. भरपूर पाठवा. काशीराम खाईल तोवर हे खातील, माझा हिशोब तेवढाच आहे. जानकीला व मुलांना आशीर्वाद, थोरामोठ्यांना माझा नमस्कार सांगावा. अक्षर वाईट आहे, पण ते दुसरीतसुद्धा वाईटच होतं.

तुमची,
मालनवहिनी

ता. क. — पत्र गेलंच नाही. चंद्रप्रकाशच्या सदऱ्याच्या खिशात राहिलं. आता मधल्या दिवसांचं लिहिते. तुमच्या दादांच्या पोटात पाणी झालं, ते काढायला त्यांना हॉस्पिटलात दोन रात्री ठेवलं. पहिल्याच सकाळी काशीराम गेला. मी खोक्यापाशी गेले तर आडवा होता, तोंडात तबेल्यातल्या गवताची एक काडी, न चावलेली. हे घरी येईपर्यंत ठेवावा असं माझ्या मनात होतं, पण ऊन वाढलं, मुंग्या लागल्या, वास यायला लागला. कॉन्सेप्टा आली आणि तिने त्याला आपल्या परसात चिकूखाली पुरला. सूप कर असं ती म्हणाली नाही, मीही म्हणाले नाही.

ह्यांना खाटेवर निजवलं तर त्यांनी पहिली नजर कोपऱ्यात टाकली. खोका मी आधीच उचलला होता. मी सांगून टाकलं, गेला, थांबता आलं नाही, पुरला. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी कमरेला पदर खोचून उभी होते. त्यांनी कोपऱ्यावरची नजर काढून वर पत्र्याकडे नेली. मग म्हणाले, "बरं केलं. ठेवणार तरी किती वेळ?" मी खोचलेला पदर सोडला. थोड्या वेळाने म्हणाले, "पाऊस होता ना तेव्हा?" इथे दसऱ्यापासून पावसाचा थेंब नाही. मी म्हटलं, "होता. धो धो होता." म्हणाले, "मग बरोबर." आणि कूस बदलली.

आणखी ता. क. — तुमच्या नावाचा मेला म्हणून मनाला लावून घेऊ नका. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात.

तिसरं ता. क., हे वाचून मग बसायचं नाही, उठायचं — गवत नको. कुंडलिकही नको. कणकवलीहून रात्रीची एसटी धरा आणि तुम्ही या. झोपायला जागा नाही म्हटलं होतं ती आहे, खोका ठेवायची जागा मोकळी झालीय. पेज आता त्यांना जात नाही, बिस्कीटही नाही, म्हणून खाऊचं काही आणून ओझं करू नका. फक्त निघताना आपल्या विहिरीचं पाणी जानकीच्या हातून त्याच तांब्यातून बाटलीत भरून घ्या आणि बूच घट्ट लावा. चमचाभर पाणी अजून जातं त्यांना.